निंब सुरू, पिंपळ संपला

माई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातल्या फळ्या रंगवायला काढल्या, तेव्हा डब्यांखाली अंथरलेली जुनी कॅलेंडरं हाती आली. आमच्याकडे कॅलेंडर संपलं म्हणून टाकायची पद्धत नव्हती. ते पालथं होऊन फळीवर जायचं, त्यावर पुढच्या वर्षीचं. तेलाच्या बरणीचे गोल डाग, हळदीचा एक ओघळ, आणि उलटून पाहिलं की तारखांच्या चौकोनांत माईंचं बारीक अक्षर. "गॅस लागला." "दूध नाही." "बाई नाही." हे घरोघरी असतं. पण मधेमधे दुसरंच काहीतरी होतं. "बदाम लाल." "साग, ४ पानं." "निंब सुरू." "पिंपळ संपला."

माई म्हणजे माझ्या सासूबाई. बडोद्यात, प्रतापगंजातल्या आमच्या घराचं अंगण त्यांनी चाळीसेक वर्षं झाडलं. रोज पहाटे, खराट्यानं. घरात कामाला बाई होती, पण अंगण तिच्याकडे द्यायचं नाही हा नियम. मी त्या काळात शाळेत जीवशास्त्र शिकवत होते आणि साडेसहाला घराबाहेर पडत होते. खराट्याचा खर्र खर्र आवाज माझ्यासाठी चहाबरोबर ऐकायचा होता, एवढंच. अंगणात तो आवाज, आणि दोन तासांनी मी वर्गात फळ्यावर पानाच्या देठाची आकृती काढून "पानगळ: कारणे व प्रक्रिया" शिकवते आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं पस्तीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

निवृत्त झाल्यावर खराटा माझ्याकडे आला. वारसा वगैरे काही नाही. कामाला येणाऱ्या बेननी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरनुं करीश, आंगणुं नहीं." ह्यांची पाठ धरलेली. उरले मी. पहिल्या जानेवारीत चार दिवस झाडलं आणि लक्षात आलं, की फळ्यावर मी शिकवली ती पानगळ कुठल्याच झाडाची नव्हती. ती एका सरासरी झाडाची होती, आणि अंगणात सरासरी झाड नसतं. फाटकाशी कडुनिंब, कोपऱ्यात साग, बुजवलेल्या विहिरीच्या जागी देशी बदाम, मागे आंबा, भिंतीलगत अशोकांची रांग, आणि भिंतीपलीकडे रस्त्यावरचा पिंपळ, ज्याची मालकी कुणाची नाही आणि पानं मात्र आमची.

शाळेत दरवर्षी चित्रं काढायला सांगितली की मुलं पानगळीची चित्रं ऑक्टोबरची काढायची. लाल-पिवळी झाडं, खाली गालिचा, शेजारी एक बाक. ही झाडं कोणत्या गावची, असं मी कधी विचारलं नाही, कारण पुस्तकातही तसंच चित्र होतं. बडोद्यात ऑक्टोबरात खिडकीबाहेर बघावं तर पाऊस नुकता संपलेला, झाडं वर्षातली सगळ्यांत गच्च हिरवी. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली, आणि रेंगाळत चैत्रापर्यंत जाणारी. थंडीनं गोठून पानं टाकणारी झाडं ती नव्हेत. जमिनीतलं पाणी खाली खाली जातंय, हवा कोरडी झालीय, म्हणून ही पानं टाकतात. कारण वेगळं, महिना वेगळा. मुलांच्या वहीत मात्र बाक आणि गालिचा.

इथे गुजरातीत पानगळीला 'पानखर' म्हणतात, पानांचं खरणं. आणि कचरा झाडण्याला 'वाळवुं'. नवीन लग्न होऊन मी पुण्याहून आले, तेव्हा शेजारच्या काकी फाटकातून म्हणाल्या, "आंगणुं वाळ्युं के?" मला वाटलं विचारताहेत, अंगण सुकलं का. मी म्हटलं, नाही, ओलंच आहे अजून. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. मराठीत पान वाळतं, मग गुजरातीत ते वाळावं लागतं. हा विनोद आमच्या घरात तीस वर्षं चालला आहे.

माईंच्या नोंदींत वर्षाची सुरुवात बदामानं होते. "बदाम लाल", बहुतेक वेळा जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. हा आपला रस्त्याकडेचा बदाम, ज्याची फळं वटवाघळं अर्धी खाऊन टाकतात आणि ज्याच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी पसरतात. अंगणातलं हे एकच झाड आहे जे परदेशी कॅलेंडरवरच्या चित्रासारखं वागतं. गळण्याआधी पानं लाल होतात, नुसती लाल नव्हे, किरमिजी, पितळी, जांभळट, एकाच पानात तिन्ही. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. लालचं तसं नाही. तो जाता जाता नव्यानं तयार होतो. ज्या पानाला आठ-दहा दिवसांत खाली पडायचं आहे, ते रंग बनवायला बसतं. याचं एक उत्तर असं देतात, की पान आतून रिकामं होत असताना त्याला ऊन झेपत नाही, आणि लाल रंग त्याच्यावर सावली धरतो. झाडाला पानातला माल काढून घ्यायला तेवढीच सवड.

बदामाची पानं झाडायला जड. मोठी, जाडसर, दव पडलं असेल तर जमिनीला चिकटून बसणारी. पण टोपली लवकर भरते आणि काम केल्यासारखं वाटतं. अलीकडे गल्लीतला एक मुलगा ती न्यायला येतो. त्याच्या माशांच्या टाकीत वाळलेलं बदामाचं पान घातलं की पाणी चहासारखं तांबूस होतं आणि मासे खूश राहतात म्हणे. तो म्हणाला, "काकू, ही पानं ऑनलाइन विकत मिळतात." मी खराटा टेकून उभीच राहिले. माईंनी चाळीस वर्षांत किती रुपये उकिरड्यावर टाकले असतील!

सागाला खराटा लागत नाही. सागाचं पान वाकून हातानं उचलायचं, ताट उचलल्यासारखं. म्हणून माई ती मोजत. "साग, ४." "साग, ९." एकदा नुसतंच "साग!!" डिसेंबरपासून त्याची गळती चालू होते ती संपता संपत नाही. वरून सुटलेलं पान खाली येईपर्यंत दोन-तीन फांद्यांवर आपटतं, आणि रात्री कुणीतरी अंगणात पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. सून म्हणून आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा ह्यांना उठवलं होतं. तिसऱ्यांदा हे उठले नाहीत.

साग एकदा बोडका झाला की बोडकाच. निंब, पिंपळ नव्या पानांनी भरून जातात आणि हा कोपऱ्यात काठ्या खोचल्यासारखा मे संपेपर्यंत उभा. पाऊस येतोय अशी खात्री पटल्याशिवाय तो फुटत नाही. जूनमध्ये कोवळं पान आलं की चुरडून बघावं, बोटं रक्तासारखी लाल होतात. माझ्या मुलीनं लहानपणी त्या रंगानं हात माखून मला एकदा चांगलंच घाबरवलं होतं. सागाच्या या लांबलचक सुट्टीचा हिशेब त्याच्या लाकडात लिहिलेला असतो. दरवर्षी वाढ पूर्ण थांबते आणि पावसाबरोबर पुन्हा चालू होते, त्यामुळे खोडात वर्षाचं एक स्वच्छ वलय पडतं. पाऊस बरा तर वलय रुंद, दुष्काळ तर अरुंद. आपल्याकडच्या उष्ण मुलखात इतकी वाचता येणारी वलयं फार थोड्या झाडांत सापडतात. जुन्या सागांवरून मागच्या शतकांतले पाऊसकाळ अभ्यासतात ते यामुळेच. म्हणजे आमच्या अंगणात वर्षावर्षाच्या नोंदी करणारे दोघं होते, माई आणि साग.

निंबाचं काय सांगावं! "निंब सुरू" ही नोंद ज्या चौकोनात आहे, त्याच्यापुढचे पंधरा दिवस दुसरी कसलीच नोंद नाही. गॅसचीसुद्धा नाही. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात. आदल्या दिवसापर्यंत बरा दिसणारा निंब पिवळा पडतो आणि मग सकाळ-दुपार-संध्याकाळ गळतो. एकेक पान म्हणजे मुळात पानाचा तुकडा, पर्णिका. आधी त्या सुटतात, वाऱ्यावर गिरक्या घेत. त्या झाडून होईपर्यंत मधल्या काड्या पडायला लागतात. एका पानासाठी दोनदा झाडायचं. आणि त्या काड्या खराट्याच्या काड्यांत अशा जाऊन बसतात की चार दिवसांनी हातात खराटा आहे की निंबाची जुडी, कळत नाही. चिंच आणि गुलमोहर यांचंही असंच तुकड्या-तुकड्यांचं काम, पण त्यांचा भुगा निदान वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांकडे जातो. गुलमोहर आमच्याकडे नाही, समोरच्यांकडे आहे. त्याच्या बारीक पिवळ्या टिकल्या आमच्या दुधाच्या पातेल्यापर्यंत येतात.

पण निंबाची खरी गंमत अशी, की तो गळतो आणि फुटतो एकाच पंधरवड्यात. एका फांदीवरून पिवळं सुटतंय आणि शेजारच्या फांदीला तांबूस, लवलवती पालवी. काही वर्षी तर तो पुरता बोडका कधी झालाच नाही, जुनं अंग सोडता सोडता नवं चढवलं. सागाशेजारी, त्याच मातीत, त्याच ऊन्हात. पाऊस अजून तीन महिने दूर. मग हा पाणी आणतो कुठून? मुळं खोल जातात हे झालंच, पण त्याहून नेमकी गोष्ट म्हणजे जुनी पानं हीच पाण्याची उधळपट्टी करत असतात. म्हाताऱ्या पानांना आपली छिद्रं नीट मिटता येत नाहीत. ती गेली की खोड आतून पुन्हा भरायला लागतं, आणि त्या साठवलेल्या पाण्यावर पालवी फुटते. वर एक थेंब न पडता. शाळेत मी हे शिकवलं नाही, कारण अभ्यासक्रमात नव्हतं. आणि अंगण मी झाडत नव्हते, म्हणून प्रश्नही पडला नव्हता.

पिंपळ. झाडायला सगळ्यांत गुणी. देठ लांब, टोक शेपटीसारखं, पान हलकं आणि गुळगुळीत. खराटा नुसता दाखवला तरी सरकतं, चार पानं आपली आपण रांगेत पुढे जातात. आवाजही बरा, कुरकुरीत. मात्र पिंपळाला महिना म्हणून विचारू नये. आमच्या भिंतीपलीकडचा पिंपळ आणि कोपऱ्यावरच्या देवळाजवळचा पिंपळ यांत दोनशे पावलांचं अंतर नाही. पण देवळाचा पिंपळ बोडका होऊन, गुलाबी-तांबड्या पानांनी चमकून, पुन्हा हिरवाही होतो, तरी आमचा अजून जुन्या पानांवर बसून असतो. वड-पिंपळ-उंबर या सगळ्या घराण्याचंच असं आहे, ज्याचा त्याचा स्वतंत्र कारभार. फळंही एकेका झाडाची वेगळ्या वेळी पिकतात. त्यामुळे पाखरांना वर्षभर कुठे ना कुठे मिळतं. माईंच्या कॅलेंडरांत "पिंपळ संपला" ही नोंद एका वर्षी फेब्रुवारीत आहे आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर. आधी वाटलं, त्यांची गल्लत झाली. माझी होत होती. मी झाडाची जात धरून विचार करत होते, माई त्या एका झाडाचा.

या पिंपळाच्या फांद्या तारांवर येतात म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं येऊन अर्धं झाड उतरवून गेली. ऐन पालवीत. फांद्या आठवडाभर रस्त्यावर पडून होत्या आणि त्यांच्यावरची पानं जागच्या जागी वाळली, एकही सुटलं नाही. त्या फांद्यांपाशी उभं राहून मला माझी फळ्यावरची आकृती पहिल्यांदा नीट समजली असं म्हणायला हरकत नाही.

देठ जिथे फांदीला मिळतो तिथे पेशींची एक पातळ पट्टी असते, पान जन्मल्यापासूनच. पानातून ऑक्सिन नावाचं द्रव्य झिरपत असतं, तोवर ही पट्टी निवांत. पान थकलं की ऑक्सिन कमी पडतं आणि इथिलीन वायूचं चालायला लागतं. मग पट्टीतल्या पेशी आपसांतला चिकट दुवा स्वतःच विरघळवतात, आणि झाडाच्या बाजूला बुचासारखा थर धरून जखम आधीच बंद करून ठेवतात. तोपर्यंत पानातला नत्र, स्फुरद असा कामाचा माल साधारण निम्मा परत फांदीत गेलेला असतो. हे सगळं जिवंत झाडानंच करायचं काम आहे. म्हणून वादळात मोडून लटकलेली आंब्याची फांदी महिनोनमहिने तपकिरी पानं मिरवत राहते. गळायला जीव लागतो. मेलेल्या फांदीचं पान गळत नाही, नुसतं वाळतं.

इथिलीन म्हणजे तोच वायू, ज्याच्या जोरावर माई आंब्याची आढी लावायच्या. एक पिकला की शेजारच्याला पिकवतो. 1901 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव या तरुण विद्यार्थ्यानं तो पकडला. प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं वाकडीतिकडी वाढत होती, बाहेर नेली की सरळ. दोष निघाला दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा. त्याच्याही आधीपासून युरोपातल्या शहरांत लोकांच्या लक्षात आलं होतं, की रस्त्याच्या दिव्यांची गॅसची नळी गळायला लागली की आसपासची झाडं अवेळी पानं टाकतात. आमच्या मागच्या अंगणात आंब्याखाली खाटेवर आढी असायची. तिचा वास आला की मला आता वर बघावंसं वाटतं. आंबा मात्र ढिम्म. त्याचं पान वर्ष-दीड वर्ष राहतं, रोज दोन-चार पडतात, कधीच बोडकं होत नाही, आणि खड्ड्यात टाकलेलं वर्षानंही तसंच सापडतं. अशोकाचंही तेच. (हा खरा अशोक नव्हे, गुजरातीतला आसोपालव, तोरणाचा. पण आमच्या घरात त्याला अशोकच म्हणतात आणि मी सांगून सांगून थकले.) माईंच्या कॅलेंडरांत आंबा-अशोकाचा उल्लेखच नाही. जे रोज होतं ते कोण लिहितो?

मुलगी टोरांटोला आहे. ऑक्टोबर आला की ती मेपलचे फोटो पाठवते. गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, फोटो नको, झाडायचं कसं ते सांग. तिला आधी चेष्टा वाटली. मग एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉल करून दाखवलं: लांब दांड्याचं दंताळं, आणि पानं भरायच्या मोठाल्या कागदी पिशव्या, ठरलेल्या दिवशी गाडी येऊन नेते. "आई, इथे सगळं महिन्याभरात संपतं. तुझ्यासारखं डिसेंबर ते एप्रिल कोण झाडत बसणार?" दिवस लहान होत जातो, तो इशारा सगळ्यांनाच मिळतो, आणि पुढे बर्फ वाट बघत असतं. त्यामुळे तिथे सगळी झाडं बरीचशी एका वेळापत्रकावर. आमच्याकडे दुष्काळ हळूहळू उतरतो. ज्याचं मूळ जितकं खोल, ज्याच्या खोडात पाणी जितकं जास्त, तितकी त्याची तारीख वेगळी.

पण तिथेही नमुने आहेत. तिच्या रस्त्यावर गिंको आहे. तो म्हणे पानं पिवळी करून थांबतो, आणि पहिल्या कडक गोठणीच्या रात्रीनंतर सकाळी सगळीच्या सगळी खाली ओततो, काही तासांत. सगळ्या देठांच्या पट्ट्या एकदमच तयार होऊन बसलेल्या असतात, थंडीचा एक धक्का तेवढा बाकी असतो. मला फार हेवा वाटला. एक दिवस झाडायचं आणि संपलं. आणि तिच्या मागच्या अंगणातला ओक याच्या अगदी उलट. पानं वाळून तपकिरी झाली तरी सोडत नाही, हिवाळाभर खडखडत ठेवतो, वसंतात नव्या कळ्या फुगल्या की मग टाकतो. त्याची देठाची पट्टी अर्ध्यावरच थांबलेली असते. हे ऐकून हे आतून म्हणाले, "ओकांचं तसंच असतं." आमच्या लग्नाच्या वेळी देण्याघेण्यात मध्यस्थ असलेले एक ओक होते, त्यांच्यावर ह्यांचा अजून राग आहे.

तीन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास आम्ही जांबुघोड्याच्या जंगलात गेलो होतो, पावागडाच्या पुढे. तिथे साग म्हणजे आमच्या कोपऱ्यातला एकटा साग नव्हे, डोंगरच्या डोंगर बोडका. खाली पानांचा थर इतका, की चालताना बोलणं ऐकू येत नाही. एक सरडा धावला तरी बिबट्या वाटावा. मधेच पळस, पान एक नाही आणि फुलं पेटलेली, इथले लोक त्याला खाखरो म्हणतात आणि फुलांना केसूडां. त्या सगळ्या पाचोळ्यात एका मोठ्या झाडाखाली मात्र स्वच्छ, गोल, झाडलेली जमीन. मी थांबलेच. सारवलं नव्हतं इतकंच. ते मोहाचं झाड होतं. मोह पानं टाकतो, मग पहाटे त्याची फुलं टपटपा पडतात, आणि ती वेचायची तर खाली पाचोळा नको. कुणी तो झाडून घेतं, कुणी पेटवून देतं, आणि कधी कधी ती आग हाताबाहेर जाऊन जंगलात शिरते. इथे झाडलेलं होतं. कडेला डहाळ्यांचा बांधलेला खराटा टेकवून ठेवला होता. त्या खराट्याची मालकीण कुठे दिसली नाही. मला तिला विचारायचं होतं, सागाची पानं उडून येतात त्यांचं काय करता.

वडाचं राहिलं. ज्या गावाचं नावच वडावरून पडलं, वटोदर, वडाच्या पोटातलं, तिथे वड विसरून चालायचं नाही. आमच्या अंगणात तो नाही, पण कमाटीबाग पाच मिनिटांवर. सयाजीरावांनी 1879 साली उभी केलेली. मी शाळेच्या मुलांना दरवर्षी तिथे नेत असे. वडही मार्चच्या आसपास पिवळी पानं टाकतो, टपोरी, खाली पडताना धप्प वाजणारी, पण पुरता बोडका झालेला वड मी पाहिलेला नाही. एकीकडून जातं, दुसरीकडून येतं, खाली सावली कायम. याच बागेत 1917 च्या सप्टेंबरात डॉक्टर आंबेडकर एका झाडाखाली बसले होते. परदेशातून शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आलेला माणूस, आणि गावात कुणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी या बागेत काढले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, तिथे वड आहे. माझी मुलं तिथे धावत सुटायची, पानं गोळा करायची. मी हजेरी घ्यायचे. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, त्या दिवशी पानं पडत होती का?" मी म्हटलं होतं, सप्टेंबर होता गं, पावसाळ्यानंतर वड भरलेला असतो. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

बडोद्यातल्या मराठी घरात दोन नववर्षं येतात. दिवाळीच्या पाडव्याला सगळं गाव 'साल मुबारक' म्हणतं, आम्हीही म्हणतो, मिठाई वाटतो. मग चार-पाच महिन्यांनी गुढी उभारतो आणि शेजारचे विचारतात, आज काय आहे? कोणतं खरं, यावर लहानपणी मुलीनं बराच वाद घातला होता. निंबाला विचारलं तर तो आमच्या बाजूनं बोलेल. दिवाळीत त्याच्याकडे नवं असं काही नसतं, तीच पावसाळ्यातली पानं, जरा धुरकटलेली. पाडव्याला मात्र गुढीला बांधायला आणि गूळ-ओवा घालून चावायला कोवळी पानं तयार. माई पहाटे झाडून झाल्यावर खराट्यानंच फांदी खाली ओढून ती तोडायच्या.

आता त्या कॅलेंडरांतली एक नोंद राहिली, जी मला सोडवता आली नाही. "झाडलं नाही." वर्षातून एकदाच. पाडव्यानंतर कधीतरी, तारीख ठरलेली नाही, पण सापडलेल्या अकरा कॅलेंडरांपैकी नवांत आहे. ज्या बाईनं तापात झाडलं, सासरे गेले त्याच्या चौदाव्या दिवशी झाडलं, तिनं वर्षातून एक दिवस झाडलं नाही आणि तसं लिहून ठेवलं. मी पंचांग काढून बसले. ग्रहण नाही, अमावास्या नाही, कुणाची तिथी नाही.

मग गेल्या एप्रिलमध्ये पहाटे फाटकाशी गेले, तर अंगण पांढरं. निंबाचा मोहोर रात्रीत उतरला होता. तांदळाच्या कण्यांएवढी फुलं, निंबापासून सागापर्यंत, आणि मधासारखा जरा कडवट वास. खराटा हातात होता. मी तो खाली ठेवला. हेच असणार! धावत आत जाऊन ह्यांना उठवलं, कॅलेंडरं दाखवली, तारखा दाखवल्या, निंबाचा मोहोर केव्हा गळतो ते सांगितलं. ह्यांनी चष्मा लावून सगळे नऊ चौकोन पाहिले.

"गुडघे दुखत असतील तिचे," हे म्हणाले. "आणि हे बघ, इथे दूध एक लिटर जास्त लिहिलंय. कुणीतरी आलं असेल." आणि पुन्हा पांघरूण घेतलं.

मी चहाचा कप घेऊन ओट्यावर येऊन बसले. उजाडत होतं. आज झाडायचं नाही, हे माझं ठरलं होतं. एवढ्यात फाटक वाजलं. बेन आज लवकर आल्या होत्या, त्यांच्याकडे लग्न होतं, आणि सुट्टी मागायची होती म्हणून की काय, त्यांनी भिंतीशी टेकवलेला खराटा आपणहून उचलला.

"बेन, जरा खसो ने," म्हणाल्या, आणि माझे पाय वर उचलायला लावून सरळ झाडायला सुरुवात केली.